टेरिअरचे केस: हाताने काढायचे की मशीन फिरवायची?

कीथलीकरीण

मंडळी, श्वानप्रेमी विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे बॉर्डर टेरिअर आहे. नाव बंड्या, वय दीड वर्ष. आम्ही इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशरमधल्या कीथलीला राहतो. सध्या त्याचा अवतार जुन्या पायपुसण्यासारखा झालाय: पाठीवर मधोमध आपोआप भांग पडतो, मानेवरचे केस कसेही उभे, आणि डोळे झाकले गेलेत. जवळच्या ग्रूमरला (कुत्र्यांचे केस कापून देणारी) फोन केला तर म्हणाली, आणा, मशीन फिरवून तासाभरात सोडते. पण मैदानावर रोज एक आजीबाई भेटतात, त्यांनी जन्मभर टेरिअरच पाळलेत. त्या म्हणाल्या, मशीन लावलीस तर कोट (अंगावरची केसाळी) गेला म्हणून समज, हे केस हाताने काढायचे असतात. हाताने काढणारी बाई दुसऱ्या गावात, तिच्याकडे मोठी वेटिंग लिस्ट, शिवाय पैसे तासावर. नवरा म्हणतो, कुत्र्याचे केस उपटून घ्यायला एवढे पैसे देणारे आपणच.

आम्हाला डॉग शो वगैरेत जायचं नाही. तरी फरक पडतो का? त्याला दुखतं का? आणि हे घरी जमण्यासारखं आहे का?

शंकासुर

उपटायचे?? जिवंत प्राण्याचे केस? माझी बहीण भुवयांचं थ्रेडिंग करून येते तेव्हा अर्धा तास कुणाशी बोलत नाही. आणि इथे अख्खा कुत्रा! सरळ मशीन लावा हो ताई. आजीबाईंचं काय जातंय बोलायला.

राठकेस

शंकासुर, थ्रेडिंगमध्ये वाढता, मुळाशी घट्ट बसलेला केस ओढतात म्हणून डोळ्यांत पाणी येतं. टेरिअरचा जो केस काढायचा असतो त्याची वाढ कधीच संपलेली असते.

जरा सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट कळली की बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात. बॉर्डर, एअरडेल, वायर फॉक्स, वेल्श, लेकलँड, आयरिश, केर्न, स्कॉटी ही सगळी राठ केसांची मंडळी. अंगावर दोन थर. आत मऊ, दाट, बहुधा फिक्या रंगाची लव, आणि तिच्यावर ताठ केस. हा वरचा केस टोकाकडे जाड, गडद, कडक असतो आणि मुळाकडे बारीक आणि फिका होत जातो. ठरावीक लांबीचा झाला की त्याची वाढ थांबते, मुळाची पकड सुटते आणि तो नुसता खोबणीत उभा राहतो. लॅब्राडोरचा असा केस तुमच्या सोफ्यावर येतो. टेरिअरचा बहुतेक करून तिथेच अडकून राहतो. दिवसभर काटेरी झुडपांतून आणि कोल्ह्यांच्या बिळांतून घुसणाऱ्या कुत्र्याचा थोडाफार घासून निघत असेल, हीटरसमोर लोळणाऱ्याचा कोण काढणार? म्हणून माणसाने हाताने काढायचा, यालाच स्ट्रिपिंग म्हणतात. तो निघाला की त्याच खोबणीतून नवा, तसाच कडक केस येतो.

मशीन काय करते, तर नेमकं ते जाड गडद टोक कापते आणि बारीक बुडखा न् लव मागे ठेवते. मेलेला बुडखा खोबणीत तसाच. पहिल्या खेपेला फारसं जाणवत नाही. पण दर वेळी मशीनच फिरत राहिली की लव वरचढ होते, कोट मऊ पडतो, रंग उडतो. एअरडेलच्या पाठीवरचं काळं खोगीर करडं होतं. आयरिशचा विटकरी लाल अगदी फिका पडतो. बंड्या ग्रिझल (गडद-फिके केस मिसळलेल्या रंगाचा) असेल तर फरक चांगलाच दिसेल.

आणि हा नुसता दिसण्याचा मामला नाही. तुमच्या भागातला पाऊस माहीत आहे. राठ केसावरून पाणी ओघळून जातं, चिखल वाळला की झटकून पडतो. मऊ पडलेला कोट पाणी धरून बसतो, गुंततो, मग सारखी आंघोळ, आणि आंघोळीने आणखी मऊ.

तेव्हा शोमध्ये जायचं नसलं तरी फरक पडतो. आजीबाई बरोबर आहेत.

तिरकस

थोडक्यात, कुत्रा पाळायचा आणि त्याचं न्हावीपणही आपणच करायचं. चालू द्या.

कोथरूडची मनी

मी जरा दुसरी बाजू मांडते, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

आमचा मिनिएचर श्नाउझर आहे, पुण्यात. जात जर्मन, ब्रिटनमध्ये त्याला टेरिअरांत धरत नाहीत, अमेरिकेत धरतात, पण कोट याच प्रकारचा. लहानपणी तो सॉल्ट अँड पेपर होता. एकेका केसावर फिकट आणि गडद असे पट्टे असतात, दुरून ते मीठमिरीसारखं दिसतं. मशीनने पट्टेच कापले गेले. आता सरसकट राखाडी. जुने फोटो बघताना चुटपुट लागते, नाही असं नाही.

पण मी जिथे जिथे विचारलं तिथे हाताने काढून देणारं कुणी भेटलं नाही. इथल्या ग्रूमरांकडे शिहत्झू, ल्हासा आणि पूडल यांचीच रांग असते, हात त्यांच्यावरच बसलेला. शिवाय पावसाळ्यात गोचीड. केस ३ मिलिमीटरवर असले की संध्याकाळी नुसतं बोट फिरवलं तरी हाताला लागते. पाठीवर ७एफ ब्लेड, दाढी आणि पाय कात्रीने, पाऊण तासात मोकळा. कुत्रा टेबलावर पेंगत असतो. कातडी उत्तम आहे, खाज नाही, काही नाही. घरच्या कुत्र्याला मशीन लावली म्हणजे गुन्हा केला असा सूर कृपया नको.

राठकेस

गुन्हा कुणी म्हटलेलं नाही, मनीताई. श्नाउझरच्या बाबतीत तर तिकडेही घरचे कुत्रे बहुतेक मशीनवरच असतात. माझं म्हणणं इतकंच, की मशीन लावायचीच तर काय गमावतोय ते माहीत असावं. तुम्हाला ते माहीत आहे. पहिल्यांदा मशीन लावून आणणाऱ्या कित्येकांना कुणी सांगतच नाही, आणि वर्षभराने विचारतात, रंग कुठे गेला.

एक उपयोगी गोष्ट: मशीन लावायच्या आधी आणि नंतर बारीक दात्यांच्या बोथट सुरीने लव विंचरून काढा. त्याला कार्डिंग म्हणतात. सुरी कातडीला जवळजवळ आडवी धरायची, केसांच्या दिशेने हलके हात. लव कमी राहिली की कोट इतका लोकरी होत नाही आणि रंगही थोडा टिकतो.

बावळट बदक

माझा बाळबोध प्रश्न. पूडलला तर कायम मशीनच मारतात. त्याचं काही बिघडत नाही, मग टेरिअरचंच का?

राठकेस

पूडलचा केस खूप काळ वाढतच राहतो, आपल्या डोक्यावरच्या केसासारखा. तो कापावाच लागतो, आणि वरून खालपर्यंत पोत सारखाच असल्याने कापल्याने काही हरवत नाही. टेरिअरांतही सगळे राठ नसतात. केरी ब्लू, व्हीटन, बेडलिंग्टन, यॉर्की यांचे केस मऊ, ते कात्रीचे गिऱ्हाईक. त्यांना कुणी स्ट्रिपिंग करायला निघालं तर हात जोडून थांबवा. वेस्टी (वेस्ट हायलंड टेरिअर) या दोन्हींच्या मधला: शोच्या रिंगणात उतरणारा हातावर, घरचा बहुधा मशीनवर.

गुरांचा डॉक्टर

धागा उशिरा पाहिला. वैद्यकीय बाजूने थोडं.

वाढ संपलेला केस काढताना निरोगी कातडीला इजा होत नाही. काढणारा घाईत असेल आणि वाढते केसही ओढत असेल तर मात्र होते: कातडी लाल होते, केसांच्या मुळाशी पुरळ उठतं, कधी पू धरतो. म्हणून दुखतं का या प्रश्नाचं उत्तर केस तयार आहे का आणि हात कुणाचा आहे, यावर ठरतं. कुत्रा अंग आक्रसत असेल, मान वळवून हाताकडे बघत असेल, ओठ चाटत असेल तर तिथे थांबायचं. 'सवय होईल' म्हणून रेटायचं नाही.

कुणाचं स्ट्रिपिंग करू नये? अंगावर जंतुसंसर्ग किंवा बुरशी असेल, ॲलर्जीने कातडी पेटलेली असेल (वेस्टींमध्ये हे फार), किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल तर. स्टेरॉइडने कातडी पातळ होते. अशा वेळी मशीन, तेही ब्लेड गरम झालंय का हे मनगटावर तपासून. तापलेल्या ब्लेडने पोटाची कातडी भाजलेले कुत्रे आमच्याकडे येतात.

नसबंदीनंतर काही कुत्र्यांचा, विशेषतः माद्यांचा, कोट लोकरी होतो. त्यात ग्रूमरचा दोष नसतो.

आणि एक, जे कुणी फारसं सांगत नाही. केस जर *फारच* सहज निघत असतील, दोन्ही कुशींवर सारखेच विरळ होत असतील, आणि नवे येतच नसतील, तर 'वा, काय छान स्ट्रिप होतंय' म्हणू नका. थायरॉइड कमी पडणं किंवा कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार), दोन्हींत असं दिसतं. रक्त तपासून घ्या.

शंकासुर

बरं बाबा, थ्रेडिंग मागे घेतो. पण दीड वर्षाच्या टेरिअरला टेबलावर दोन-तीन तास उभा करायचा, हे ज्याला जमतं त्याला माझा साष्टांग.

कीथलीकरीण

डॉक्टर, खूप आभार. राठकेस, तुमचं वाचून आत्ता पाठीवरचे चार केस चिमटीत धरून ओढले. आले की हो हातात! मुळाकडे खरंच पांढरट आणि बारीक. बंड्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. म्हणजे तयार आहे ना? आता घरी कसं करायचं ते नीट सांगा. (नवरा शेजारी बसून ढिगाऱ्याची वाट बघतोय.)

राठकेस

तयार आहे. पाठीवर भांग पडलाय म्हणालात तेव्हाच वाटलं होतं.

आंघोळ घालू नका. धुतलेला केस निसटतो, मळका केस पकडीत येतो. हातही कोरडे हवेत. औषधाच्या दुकानात बोटांवर घालायच्या रबरी टोप्या मिळतात, त्या अंगठ्याला आणि तर्जनीला चढवा. खडूची भुकटी चोळली तरी चालतं. सुरी आत्ताच घेऊ नका. स्ट्रिपिंगची सुरी केस कापायला नसते, नुसती पकड द्यायला असते. नवी कोरी सुरी धारदार असते, ती कापते, आणि मग मशीन लावल्यासारखंच झालं. जुनेजाणते लोक नवी सुरी आधी विटेवर घासून बोथट करतात. झांव्याच्या जातीचा एक दगडही मिळतो, तो मानेच्या आणि डोक्याच्या बारीक केसांना बरा.

टेबलावर न घसरणारी चटई टाका. डाव्या हाताने कातडी मागे ताणून धरायची, हे विसरू नका. बॉर्डरची कातडी जाड आणि सैल असते, न ताणता ओढली तर केसाबरोबर तीही येते आणि तेच त्याला आवडत नाही. उजव्या चिमटीत पाच-सात केस, फक्त टोकाकडून धरलेले. केसांच्या दिशेने, सरळ, एका झटक्यात. मनगट वळवायचं नाही, हात कोपरातून मागे गेला पाहिजे. मनगट वळलं की केस मध्येच तुटतो.

मानेच्या मागून सुरू करा, खांद्यावरून पाठ, मग कुशी. शेपटीवरचा केस टोकाकडे निमुळता होत जाईल असा काढायचा, गाजरासारखी दिसली पाहिजे. डोकं शेवटी. बॉर्डरचं डोकं पाणमांजरासारखं असावं असं केनेल क्लबच्या (ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) वर्णनातच आहे, म्हणजे गालावर, कपाळावर आखूड, आणि मिश्या थोड्याच. गळ्याखाली, कानांच्या कडा, पोट, जांघ, ढुंगणाभोवती उपटू नका. तिथली कातडी नाजूक असते. बोथट टोकाची कात्री घ्या.

एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. आज पाठ, उद्या कुशी, परवा मांड्या, असं आठवडाभरात उरकलं तरी कोट एकसारखा येतो.

सगळं झालं की खाली नुसती लव दिसेल, कुत्रा निम्मा झाल्यासारखा आणि जरा केविलवाणा वाटेल. दचकू नका. पूर्ण कोट यायला ८ ते १२ आठवडे लागतात. तेवढे दिवस थंडीत आणि पावसात अंगावर जॅकेट, आणि उन्हात फार वेळ नको. पहिले काही दिवस शॅम्पू नको.

रिकामटेकडा

अवांतर: ताई, तुम्ही राहता तिथे शेजारूनच एअर नदी वाहते ना? एअरडेल टेरिअर त्याच खोऱ्यातला. १९व्या शतकात गिरणी कामगारांनी पाणमांजरांच्या शिकारीसाठी तयार केलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने त्यांना आघाडीवर निरोप्या म्हणून वापरलं. टेरिअरांतला सगळ्यात मोठा, नराची उंची ५८ ते ६१ सेंटिमीटर. त्याचं स्ट्रिपिंग म्हणजे विचार करा किती वेळ.

तुमचा बॉर्डर इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या डोंगराळ भागातला. केनेल क्लबने १९२० मध्ये मान्यता दिली. शिकारी कुत्र्यांच्या बरोबरीने धावायचं आणि कोल्हा बिळात शिरला की मागोमाग घुसून त्याला बाहेर हुसकायचं, हे त्याचं काम. इंग्लंडात तशा शिकारीवर २००४ च्या कायद्याने बंदी आली. कोट मात्र अजून कामावर जायच्या तयारीत.

एडिनबरोतला कोकणी

आमची बॉर्डर मादी म्हातारी आहे, नसबंदी झालेली, मागच्या पायांत संधिवात. तरुणपणी वर्षातून दोनदा स्ट्रिपिंग व्हायचं, मीच करायचो. आता तिला टेबलावर दहा मिनिटंही उभं राहवत नाही, आणि नसबंदीनंतर केस मुळाशी घट्ट धरून बसलेले असतात. आता मशीन. ४एफ ब्लेड, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर राहतात, फार बोडकी दिसत नाही. जमिनीवर गादी टाकून, ती आडवी पडलेली असतानाच एक कूस, मग चहा, मग दुसरी. रंग गेला तो गेला. तिला आरशात बघायची सवय नव्हतीच.

राठकेस, तुमचं पूर्ण पटलं, पण म्हातारपणी नियम सैल करावे लागतात हेही नवीन लोकांनी वाचावं म्हणून लिहिलं.

राठकेस

शंभर टक्के सहमत. म्हाताऱ्या, दुखणाईत कुत्र्याला कोटाच्या पोतासाठी उभं करणं हा निव्वळ माणसाचा हौशीपणा. माझं सगळं लिखाण तरुण, निरोगी कुत्र्यासाठी आहे असं समजावं.

पिंपळपान

उशिरा आले. आमच्या वायर फॉक्सला आधीच्या घरी कायम मशीन लावलेली होती, आम्ही दत्तक घेतला तेव्हा मेंढरू दिसत होता. असा कोट परत येतो का?

राठकेस

बऱ्याचदा येतो, पण धीर लागतो, आणि नसबंदी झालेली असेल तर पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. मशीन बंद करा. केस बोटांच्या पेरापेक्षा लांब वाढू द्या, तोवर दर आठवड्याला कार्डिंग करून लव कमी करत राहा. मग पाठीवरचे लांब केस चिमटीत धरून बघा. जिथे सुटतात तिथेच काढा, जिथे धरून आहेत तिथे सोडून द्या. खोबणीतला जुना बुडखा निघाला की त्या जागी कडक केस येताना दिसेल, आधी मानेवर आणि पाठीवर. कुशी आणि मांड्या मागून. एका फेरीत होत नाही. मधल्या काळात कुत्रा भयंकर दिसतो, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

तो एकदा ताळ्यावर आला की 'रोलिंग' करा. म्हणजे सगळा कोट एकदम न काढता दर आठवड्या-दोन आठवड्यांनी फक्त सगळ्यात लांब झालेले केस काढायचे. अंगावर कायम वेगवेगळ्या वयाचे केस राहतात, कुत्रा कधीच बोडका होत नाही आणि कधीच पिंजारत नाही. शोवाले हेच करतात. पण मला विचाराल तर आळशी माणसालाही हेच सोयीचं: टीव्हीसमोर कुत्रा मांडीवर, पंधरा मिनिटं, झालं.

कीथलीकरीण

अपडेट देते. पाठ आणि दोन्ही कुशी झाल्या. खालून एकदम गडद, आखूड, मखमली निघालाय, हा आमचाच कुत्रा का असं वाटतंय. पाठीवर हात ठेवला तर डुलक्या काढत होता. मांड्यांवर मात्र पाय झटकतोय, मागे वळून बघतोय, तिथे थांबले. केस जमवले तर आणखी एक बंड्या होईल एवढे. नवऱ्याने व्हॅक्यूम हाती घेतलाय, त्यामुळे त्याचा विरोध मावळलाय असं धरते.

मांड्यांचं काय करू? आणि कानांच्या आत पण केस आहेत, तेही ओढायचे का?

राठकेस

मांड्यांचे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा, तिथला केस बहुधा मागून तयार होतो. आत्ता विंचरून ठेवा. बाहेरच्या बाजूचा थोडा निघेल, आतल्या बाजूला हात लावू नका, तिथे कात्रीच.

कानांचं डॉक्टरच सांगतील.

गुरांचा डॉक्टर

कान स्वच्छ असतील, वास नसेल, डोकं झटकत नसेल तर आतले केस ओढू नका. उगाच ओढले तर तिथेच सूज येऊन दुखणं सुरू होतं. कानाच्या पाळीवरचे, बाहेरचे लांब केस बोटांनी किंवा कात्रीने चालतील, कडांना मात्र कात्रीच. आत मळ दिसला, काळपट किंवा पिवळा, तर घरी काडी घालू नका, तिथल्या डॉक्टरांना दाखवा.